जतन म्हणजे काचेचं कपाट नव्हे!

‘लोककला ही आपली अमूल्य संपत्ती असून तिचे जतन करणे हे आपले आद्य कर्तव्य आहे.’

मित्रहो, खरं सांगा, हे वाक्य दहावीच्या निबंधात कुणी लिहिलं नाही? मी तर कॉन्व्हेंटमधली, माझं मराठी ‘लोअर’. तरीही हे वाक्य मला तोंडपाठ होतं. टीचर म्हणायच्या, शेवटच्या परिच्छेदात टाका, मार्क मिळतात. आणि मिळायचेही! पण जतन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, कोणी करायचं आणि जो करणार त्याच्या दोन वेळच्या जेवणाचं काय, हे तीन प्रश्न मात्र कुठल्याच पेपरात आले नाहीत.

हे प्रश्न मला पडले ते पिंगुळीमुळे. पिंगुळी हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कुडाळ तालुक्यातलं एक गाव. कोकण रेल्वेने कुडाळला उतरलं की अगदी जवळ. माझी रूममेट तिकडचीच. गेल्या मे महिन्यात तिच्या घरी गेले होते, तेव्हा आंबे-फणस खाऊन झाल्यावर ती म्हणाली, “चल, तुला आमच्याकडचं म्युझियम दाखवते.” म्युझियम म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर घुमट, तिकीट खिडकी आणि ‘हात लावू नये’ची पाटी आली. प्रत्यक्षात ते निघालं एका घरालगतचं. पूर्वी तिथे गुरांचा गोठा होता!

त्या जागेचं नाव ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. ते उभं केलं परशुराम गंगावणे यांनी, २००६ साली. २०२१ च्या पद्म पुरस्कारांच्या यादीत त्यांचं नाव आलं, पद्मश्री. आपण त्या वर्षीच्या यादीतली क्रिकेट-सिनेमातली नावं शोधली असतील, हे नाव मात्र पुढे सरकवलं असेल. म्हणून आधी थोडं या कलेविषयी सांगते.

पिंगुळीचा ठाकर समाज पिढ्यान् पिढ्या देवादिकांच्या गोष्टी सांगत आला आहे. गोष्ट सांगायच्या तीन मोठ्या तऱ्हा. पहिली चित्रकथी. हातकागदावर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवायचे, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची आणि एका कथेची सगळी चित्रं एकत्र ठेवायची. त्या गठ्ठ्याला ‘पोथी’ म्हणतात. एका पोथीत साधारण तीस ते पन्नास चित्रं. वीणा, टाळ आणि हुडूक या वाद्यांच्या साथीवर गात गात एकेक चित्र पुढे धरायचं. दुसरी तऱ्हा कळसूत्री बाहुल्यांची. लाकूड कोरून बाहुली करायची, तोंड रंगवायचं, कपडे चढवायचे आणि दोऱ्यांवर नाचवायची. तिसरी चामड्याच्या बाहुल्यांची. चामडं कातरून, त्याला भोकं पाडून, रंगवून पडद्यामागे धरायचं आणि मागून उजेड सोडायचा. आपण ज्याला प्रोजेक्टर म्हणतो ना, त्याचा खापरपणजोबाच तो.

सावंतवाडीच्या राजघराण्याचा या कलेला आश्रय होता. कुठल्या देवळात कुणी खेळ करायचा हेसुद्धा ठरलेलं असे. आणि हे काही काल-परवाचं नाही. चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही आहे. संस्थानं गेली, सिनेमा आला, टीव्ही आला, देवळापुढची गर्दी पांगली. मग काही पोथ्या संग्राहकांच्या हाती गेल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही अशी चित्रं आहेत. तिथे ती सुरक्षित आहेत, वाळवीपासून आणि पावसापासून. पण तिथे ती गप्प असतात. मला खटकलं ते हे.

ती चित्रं नीट पाहिलीत तर कळेल. मोठाले डोळे, ठसठशीत रेषा, भरगच्च दागिने, आणि मागे फारसं काही नाही. ना डोंगर, ना झाडी, ना खोली. पहिल्यांदा बघताना वाटतं, अरे, बॅकग्राउंड राहिली वाटतं काढायची! तसं नाही. ती बॅकग्राउंड गाणाऱ्याच्या तोंडात आहे. चित्र अर्धं कागदावर आणि अर्धं आवाजात. त्यातला आवाज काढून घेतला की काचेमागे उरतो तो नुसता रंगवलेला कागद.

मेसमध्ये हे सगळं रंगवून सांगितलं तेव्हा अर्थातच वाद झाला. आपल्या मेसमध्ये भाजीत मीठ कमी आहे यावरही दोन गट पडतात, हा तर संस्कृतीचा प्रश्न! पहिला गट आयटीवाल्यांचा. त्यांचं म्हणणं, “त्यात काय एवढं? चार कॅमेरे लावा, सगळे खेळ रेकॉर्ड करा, चित्रं हाय रेझोल्युशनमध्ये स्कॅन करा आणि टाका यूट्यूबवर. झालं जतन! बाहुल्यांचा थ्री-डी स्कॅन करा, हव्या तेवढ्या प्रिंट काढा.”

हे ऐकायला फार सोयीस्कर वाटतं. पण फर्स्ट इयरचं वर्कशॉप आठवा. फिटिंगचा जॉब आठवा. एक साधा चौकोनी तुकडा, तोही नव्वद अंशात येईना. मॅन्युअलमध्ये सगळं लिहिलेलं होतं, ड्रॉइंगसुद्धा होतं. तरी आपण दोन-दोन आठवडे घासतच होतो. शेवटी वर्कशॉपच्या सरांनी मागून येऊन हात धरला, “फाइल अशी नाही, अशी धर. खांद्यातून जोर दे.” आणि मग तो तुकडा सरळ झाला. जे मॅन्युअलमध्ये नव्हतं, ते सरांच्या हातात होतं. व्हिडिओमध्ये कला कशी दिसते ते कळतं, कशी करायची ते हाताला कळत नाही. तसं असतं तर यूट्यूबवर पोहण्याचे व्हिडिओ बघून कुणीही पवईत उडी मारली असती.

आणि आपल्याला तर हे चांगलंच माहीत आहे. सिनियरचं जर्नल उतरवून काढलं की सबमिशन होतं, रीडिंगही बरोबर येतात, ग्राफही सुंदर येतो. फक्त प्रयोग येत नाही! स्कॅन करून ठेवलेली लोककला ही अशीच उतरवलेली जर्नल आहे. रेकॉर्डिंग करू नका असं मी अजिबात म्हणत नाही. जरूर करा. पण ते करून हात झटकू नका.

इथे मला एक दुसरं उदाहरण द्यायचंय, फार लांबचं. ते मला सापडलं त्याला कारण माझी शाळा. आमच्या शाळेच्या जिन्याजवळ मदर मेरीचा पुतळा होता, प्लास्टरचा, निळ्या शालीचा. तसाच अगदी सेम-टु-सेम पुतळा मी पुढे आणखी चार ठिकाणी पाहिला. एकाच साच्यातून काढलेली भावंडं! पूर्वी संतांच्या अशा मूर्ती लाकडात कोरणारे लोक असतील ना, ते कुठे गेले, म्हणून वाचायला लागले. गोव्याबद्दल वाचलं. जुन्या गोव्यात सांता मोनिका कॉन्व्हेंटमध्ये ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. ते १९९४ मध्ये राशोलला सुरू झालं आणि २००२ मध्ये इथे आलं. गोव्यातल्या चर्चसाठी लाकडाच्या आणि हस्तिदंताच्या कितीतरी मूर्ती इथल्याच कारागिरांनी घडवल्या. ख्रिस्ती नसलेल्या कारागिरांकडून अशा वस्तू करून घेऊ नयेत असा ठराव १५६७ मध्ये तिथल्या धर्मपरिषदेला करावा लागला. ठराव करावा लागला याचा अर्थ सरळ आहे, ते काम आपलेच सुतार-सोनार करत होते. मूर्ती राहिल्या. बहुतेकांची नावं मात्र नाहीत.

गोव्याबद्दल वाचता वाचता पोचले ते थेट अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको प्रांतात. तिथे संतांच्या मूर्ती कोरणाऱ्या आणि रंगवणाऱ्या माणसाला ‘सांतेरो’ म्हणतात. एके काळी हा भाग स्पेनच्या साम्राज्याचं पार टोक होता. मेक्सिको शहरातून सामान यायला महिनोन् महिने लागत. मग गावकऱ्यांनीच मूर्ती घडवायला घेतल्या. कॉटनवुड नावाच्या झाडाचं मूळ कोरायचं, जिप्सम भाजून त्यात जनावराच्या कातड्या-हाडांचा सरस घालून लेप द्यायचा, त्यावर माती आणि वनस्पतींचे रंग, वर पाइनच्या राळेचं व्हार्निश. पेद्रो अंतोनियो फ्रेस्कीस (१७४९–१८३१) हा त्या मातीतला, नावाने माहीत असलेला अगदी सुरुवातीचा सांतेरो. पुढे १८८० च्या सुमारास तिथे रेल्वे पोचली. रेल्वेने काय आणलं? स्वस्त प्लास्टरचे पुतळे आणि छापील तसबिरी. म्हणजे माझ्या शाळेच्या जिन्यातल्या त्या मूर्तीची खापरपणजी! चाळीस-पन्नास वर्षांत सांतेरोंचं काम जवळपास थांबलं.

मग १९२५ मध्ये सांता फे शहरात काही लेखक-चित्रकारांनी एक संस्था काढली आणि १९२६ मध्ये ‘स्पॅनिश मार्केट’ नावाचा बाजार भरवला. कारागिराने स्वतः यावं, स्वतःचं काम स्वतः विकावं. कोर्दोवा गावचा होसे दोलोरेस लोपेस (१८६८–१९३७) हा या काळातला मोठा कारागीर. तो आधी वस्तू भडक रंगात रंगवायचा. शहरातल्या हितचिंतकांनी सांगितलं, “रंग नकोत, पर्यटकांना साधं लाकूड आवडतं.” त्याने रंग सोडला, नुसतं कोरीव काम करू लागला, आणि मग कोर्दोवाची तीच शैली झाली. त्याचा मुलगा जॉर्ज लोपेस याला १९८२ मध्ये अमेरिकेतला लोककलावंतांचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. म्हणजे बाजाराने कला वाचवली आणि बाजाराने कला बदललीसुद्धा. दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या.

याच प्रांतातला पात्रोसिन्यो बारेला. मजुरी करणारा माणूस, लाकूड कोरायचा. १९३६ मध्ये त्याची कामं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागली, कौतुक झालं. पण तो गरिबीतच राहिला आणि १९६४ मध्ये स्वतःच्या कामाच्या शेडला लागलेल्या आगीत गेला. दुसरीकडे चार्ल्स कॅरियो हा आजच्या काळातला सांतेरो. मानववंशशास्त्रात डॉक्टरेट केलेला. त्याने जुन्या रंगांचा अभ्यास केला, ते रंग पुन्हा करून पाहिले, आणि त्यालाही २००६ मध्ये तोच राष्ट्रीय सन्मान मिळाला. एकाच कलेतली ही दोन माणसं. एकाला टाळ्या मिळाल्या, दुसऱ्याला शिक्षण, बाजार आणि मान असं सगळं मिळालं. कला पुढे कशाने गेली हे वेगळं सांगायला नको.

आता मेसमधला दुसरा गट. हा गट छोटा होता, खरं तर एकटी माझी रूममेटच. पण तिचा मुद्दा सगळ्यात अवघड होता. ती म्हणाली, “तुम्ही मुंबईवाले भारी आहात हं! कला टिकली पाहिजे म्हणता. म्हणजे कुणी टिकवायची? ठाकरांच्याच पोरांनी ना? तुम्ही इंजिनियर होणार, अमेरिकेत जाणार, आणि त्यांनी मात्र बापजाद्यांच्या बाहुल्या नाचवत बसायचं? तुझ्या आजोबांचा धंदा तू करतेयस का?”

टेबलावर एकदम शांतता. कारण माझे आजोबा शिंपी होते आणि मला साधं बटण लावता येत नाही.

तिचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. ‘जतन’ या गोड शब्दाआड आपण कितीदा दुसऱ्याच्या गरिबीलाच संस्कृती म्हणत असतो. जातीने नेमून दिलेलं काम आणि कला यांची आपल्याकडे फार जुनी सरमिसळ आहे. त्यामुळे ‘ही त्यांची परंपरा आहे, त्यांनी ती सोडू नये’ असं म्हणायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. ज्याला सोडायची आहे त्याला सोडता आलीच पाहिजे. त्या घरातल्या मुलीला कॉम्प्युटर इंजिनियरिंग घ्यायचं असेल तर तिने खुशाल घ्यावं, हॉस्टेलला आमच्या शेजारची खोली घ्यावी.

पण माझं म्हणणं असं, की ज्याला धरून ठेवायची आहे त्यालाही ती धरता आली पाहिजे, आणि तीही उपाशी न राहता. आज बहुतेक ठिकाणी दुसरा पर्याय उपलब्धच नसतो. कला सोडणं हा तेव्हा ‘चॉइस’ नसतो, नाइलाज असतो. पिंगुळीचं मोल मला यात वाटतं. गंगावणे कुटुंबाने सरकारी इमारतीची वाट पाहिली नाही. स्वतःच्या गोठ्यात संग्रहालय केलं. तिथे बाहुल्या, चित्रं आहेत, पण त्यांच्याजवळ त्या करणारी आणि नाचवणारी माणसंही आहेत. म्हणजे ज्याचं आहे त्याच्याच ताब्यात, ज्याला येतं त्याच्याच तोंडून. बघायला येणारा माणूस त्या घरात पाहुणा असतो, मालक नसतो. न्यू मेक्सिकोत हितचिंतकांनी रंग सोडायला सांगितला. पिंगुळीत उद्या कुणी ‘ड्रॉइंग-रूमला शोभतील असे फिके रंग वापरा’ म्हणालं, तर हो म्हणायचं की नाही हे ठरवणारे ते स्वतः आहेत. माझ्या मते जतनाची व्याख्या इतकीच असावी: ज्याची कला आहे तिचा निर्णय त्याच्या हातात, तिचे पैसे त्याच्या खिशात, आणि तिच्याखाली नाव त्याचं.

नावाचा मुद्दा आपण फार हलका घेतो. पण जरा आजूबाजूला बघा. आपण गोवंडीत राहतो. आपल्या स्टेशनपासून पुढे शिवाजीनगरात जरीकाम करणारे कितीतरी कारागीर आहेत. लग्नात आपण मिरवतो त्या कपड्यांवरची नक्षी अशाच हातांनी काढलेली असते. त्या कपड्यावर दुकानाचं नाव असतं, डिझायनरचं नाव असतं. आणि गोवंडी म्हटलं की बाहेरच्यांना फक्त देवनारचं डम्पिंग ग्राउंड आठवतं. २०२३ च्या फेब्रुवारीत इथल्याच नटवर पारेख वसाहतीत ‘गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल’ भरला होता. आपल्यापैकी किती जण गेले होते? जे आता सीनियर आहेत त्यांनी मनातल्या मनात उत्तर द्यावं. आपल्या गेटपासून रिक्षाने जाण्याच्या अंतरावरची कला आपल्याला दिसत नाही, तर पिंगुळी कशी दिसणार?

नुसता उपदेश करून लेख संपवणं हे आपल्या मासिकाच्या परंपरेला धरून होईल, पण मला तसं करायचं नाही. म्हणून तीन व्यवहारी सूचना, संपादक मंडळाने आणि स्टाफने कृपया गंभीरपणे घ्याव्यात.

पहिली, मेमेंटो. दर सेमिनारला, दर गेस्ट लेक्चरला आपण पाहुण्यांना ॲक्रिलिकचं किंवा काचेचं एक ठोकळावजा काहीतरी देतो. ते घरी नेऊन लोक नक्की काय करतात हे एक कोडंच आहे. त्याऐवजी एक चित्रकथीचं चित्र द्या. पाठीमागे चिठ्ठी लावा: हे चित्र कुणी काढलं, कुठल्या गावात काढलं, यात कुठला प्रसंग आहे. पाहुणे भिंतीवर लावतील, चार जणांना सांगतील. आणि घासाघीस करू नका. ठोकळेवाल्याशी आपण करत नाही, मग चित्रकाराशी का?

दुसरी, ॲन्युअल फेस्ट. एक संध्याकाळ कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाला द्या. ‘फिलर’ म्हणून दुपारी दोन वाजता नव्हे, जेव्हा हॉल भरलेला असतो तेव्हा. मानधन डीजेला देतो तेवढंच. मेकॅनिकलवाल्यांनी तर हे बघायलाच हवं. किनेमॅटिक्सला सरांनी डिग्री ऑफ फ्रीडम किती वेळा शिकवली, तरी पेपरात गडबड होते. एक लाकडी बाहुली मान, खांदा, कोपर यांतून कशी फिरते आणि दोरी कुठे बांधली की काय हलतं हे डोळ्यांनी बघा. एका हाताच्या बोटांवर हे सगळं सांभाळणाऱ्या माणसाने कुठलीही परीक्षा दिलेली नसते, हे बघून आपली जरा मस्तीही उतरेल.

तिसरी, फायनल इयर प्रोजेक्ट. दर वर्षी तीच ती लाइन फॉलोअर गाडी आणि तीच ती लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम. कोकणातल्या पावसाळ्यात कागद आणि चामडं टिकवायला स्वस्तातली, विजेवर फार अवलंबून नसलेली पेटी कशी करता येईल? हा अगदी अस्सल इंजिनियरिंगचा प्रश्न आहे, आर्द्रतेचा, बुरशीचा, हवा खेळती ठेवण्याचा. पण आधी जाऊन त्यांना विचारा, तुम्हाला हे हवंय का? नाहीतर आपण लॅबमध्ये एक सुंदर यंत्र करू, फोटो काढू, रिपोर्ट बाइंड करू आणि ते यंत्र तिथे कोपऱ्यात पडेल. तेव्हा प्रश्न त्यांचा असू दे, उत्तरात आपण मदत करू.

कुणी म्हणेल, एका कॉलेजने पन्नास चित्रं घेऊन काय होणार? मान्य, क्रांती होणार नाही. पण पन्नास चित्रांची ऑर्डर म्हणजे कुणाच्या तरी घरी काही महिन्यांचं काम. त्या काही महिन्यांत शेजारी बसलेलं एखादं पोर बघेल, रंग कालवेल, हात धरून पहिली रेघ मारेल. पुढे त्याने चित्रकार व्हायचं की इंजिनियर, ते त्याचं त्याला ठरवू दे. ठरवायला दोन्ही गोष्टी त्याच्या समोर असल्या म्हणजे झालं.

फेस्टच्या बजेटची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे. मी हा विषय मांडणार आहे. हात वर करायला कोण कोण येताय?